बुणग्यांसकट

टेबलावर लढाया खेळणाऱ्या प्रौढ माणसांची एक जमात जगभर आहे. ही माणसं एरवी वेळेवर आयकर भरतात, दूधवाल्याचा हिशेब चोख ठेवतात, गुडघा दुखला की जिने टाळतात. पण रविवार उजाडला की जेवणाच्या टेबलावर हिरवी चादर अंथरतात, टेप लावून घोडदळाची चाल मोजतात आणि फासे टाकून नेपोलियनला वॉटर्लूवर पुन्हा एकदा आडवं करतात. प्रशियातल्या फॉन राइसवित्झ बापलेकांनी हा खेळ रचला. १८२४ मध्ये मुलानं नियम छापले आणि तिथल्या लष्करानं तो अधिकाऱ्यांच्या शिक्षणात घेतला. पुढे एच. जी. वेल्सनं १९१३ मध्ये 'लिटल वॉर्स' लिहून तो घरातल्या फरशीवर आणला. वेल्सच्या खेळात स्प्रिंगच्या छोट्या तोफेतून लाकडी गोळी सुटायची आणि समोरचा शिशाचा शिपाई खरोखर पडायचा. ज्या माणसानं मंगळावरच्यांना पृथ्वीवर चाल करायला लावली, त्याला एवढी हौस माफ.

या जमातीची म्हैसूरमधली बोगादी शाखा तीन माणसांची आहे. एक मी. दुसरे आमच्या वरच्या मजल्यावरचे कन्नड गृहस्थ. ते बँकेतून निवृत्त झाले तरी सगळी इमारत त्यांना अजून मॅनेजरच म्हणते. तिसरा माझा आयटीतला भाचा, जो शनिवार-रविवार बंगळूरहून मामीच्या हातचं जेवायला येतो आणि मामाशी लढून जातो. शाखेचं कार्यालय म्हणजे आमचं जेवणाचं टेबल. ते सहा माणसांचं आहे असं दुकानदार म्हणाला होता. माणसं बसतात सहा, पण वेढा काही बसत नाही.

हा छंद मुळात सावकारी. २८ मिलिमीटर उंचीचा एक धातूचा शिपाई इंग्लंडात दीड-दोन पौंडांच्या घरात जातो, आणि तो रंगवलेला नसतो. रंग वेगळे, ब्रश वेगळे, चिमुकल्या बटणांना रंग लावताना लागणारं भिंग वेगळं. वर इथवरचं टपाल आणि टपालावर कस्टम. असे निदान दोनशे हवेत, आणि मराठ्यांची फौज उभी करायची म्हटली तर दोनशे माणसं एखाद्या सरदाराच्या नातवाच्या मुंजीलाच व्हायची. भाच्याकडे 'वॉरहॅमर ४०,०००'चे प्लॅस्टिकचे योद्धे आहेत. हा खेळ १९८७ मध्ये बाजारात आला. त्यातली युद्धं चाळीस हजार सालच्या पुढे घडतात. खरेदीचे हप्तेही साधारण तोपर्यंतच फिटतील, असं त्याच्या आईचं म्हणणं. ती माझी सख्खी बहीण आहे आणि हिशेबात सहसा चुकत नाही.

आम्ही मात्र कागदावर आलो. गरिबीमुळे आलो असं म्हणायला हरकत नाही, पण कागदालाही घराणं आहे. अठराव्या शतकात स्त्रासबुर्गला छापील शिपायांचे ताव निघायचे. घरी न्यायचे, रंगवायचे, कापायचे, पुठ्ठ्याला लावून उभे करायचे. शिशाची पलटण सरदाराच्या पोराला, कागदाची शिंप्याच्या. आजही पीटर डेनिस नावाचा इंग्रज चित्रकार, जो एरवी लष्करी इतिहासाच्या पुस्तकांसाठी चित्रं काढतो, कागदी फौजांची पुस्तकं काढतो. पान झेरॉक्स करा, कापा, लढा. शिपाई मेला तर पुन्हा छापा. जगातल्या कुठल्याही सेनापतीला ही सोय मिळालेली नाही, आणि मिळाली असती तर त्यांनी काय केलं असतं याचा विचार न केलेला बरा.

आणि सपाट शिपायांची आम्हाला इथे लाज वाटायचं कारणच नाही. श्रीरंगपट्टणला दरिया दौलत बागेत भिंतभर पोल्लिलूरची लढाई रंगवली आहे. १७८० मध्ये हैदर आणि टिपूनं कर्नल बेलीचा धुव्वा उडवला, ती. त्या भिंतीवर घोडेस्वार, हत्ती, लाल डगलेवाले, सगळे ओळीनं, एका अंगानं, कागदातून कापल्यासारखे. मध्ये दारूच्या गाड्याचा भडका, आणि बेली पालखीत तोंडात बोट घालून बसलाय. मॅनेजर कुणालाही ती भिंत दाखवायला नेतात तेव्हा बेलीसमोर जरा जास्तच वेळ थांबतात. खुद्द म्हैसूरच्या गादीचाही या बाबतीत वशिला आहे. मुम्मडी कृष्णराज वोडेयरांनी गंजिफाचे नवनवे डाव रचले, 'श्रीतत्त्वनिधी' या ग्रंथात ते चित्रांसह नोंदवून ठेवले, वर बुद्धिबळातला घोडा चौसष्ट घरांतून एकदाच कसा फिरवावा याची कोडी सोडवली. १८३१ मध्ये इंग्रजांनी महाराजांच्या हातून राज्यकारभार काढून घेतला होता. म्हणजे वेळ होता. मॅनेजरही निवृत्तीनंतरच आमच्यात आले.

आता शिपाई कसा होतो ते सांगतो. एकाच माणसाचं पुढून आणि मागून चित्र काढायचं, दोन्ही टाळूला टाळू लावून एकाखाली एक ठेवायची, डोक्यावर घडी घालून आतून चिकटवायची. मागचं चित्र आरशातल्यासारखं उलटं हवं, नाहीतर घडी घातल्यावर कडा जुळत नाहीत. आळशी माणसं मागची बाजू काढतच नाहीत, पुढचीच उलटी करून छापतात. मग शिपायाला दोन्हीकडून तोंड येतं आणि पलीकडून तो डावखुरा होतो. आमच्या गारद्यांची एक आख्खी तुकडी अशी दुतोंडी आहे. तिच्यावर पाठीमागून हल्ला करता येत नाही, असा नियम मी तिच्यासाठी घातला. मॅनेजरांनी तो बँकेत कर्जमाफीचा अर्ज वाचावा तसा वाचला आणि नामंजूर केला.

छपाई मानसगंगोत्रीच्या बाजूला, जिथे विद्यापीठाची पोरं प्रबंध छापून घेतात, तिथे होते. तिथला मुलगा पहिल्यांदा तावावरचे तीस पेंढारी पाहून गंभीरपणे म्हणाला, "प्रोजेक्टा, सार?" मी हो म्हटलं. तेव्हापासून तो मला विद्यार्थ्यांचा दर लावतो. कागद जाड घ्यावा, १७० जीएसएमच्या आसपास. त्याहून पातळ घेतला तर हत्ती लवतो. पांढरा डिंक वापरू नये, त्यातल्या पाण्यानं कागद फुगतो आणि शिपाई कमरेतून वाकतो. वाकलेला शिपाई पंगतीत वाढायला ठीक, रणात शोभत नाही. कांडीचा कोरडा गोंद घ्यावा. घोड्याच्या चार पायांमधला कागद कापत बसू नये, तो हिरवा रंगवून तसाच ठेवावा. लांबून गवत वाटतं. भाले मात्र कापावेच लागतात. भाल्याचं टोक कात्रीनं हटकून उडतं, आणि मग त्या स्वाराच्या हातात छडी उरते. अशा छडीवाल्यांची मी वेगळी तुकडी केली आहे. ते कारकून. सगळ्यात शेवटी काळ्या स्केचपेननं कडा रंगवायच्या, म्हणजे पांढरी किनार जाते आणि माणूस माणसासारखा दिसतो.

राहिला पाया. त्याला कडक, जाड पुठ्ठा लागतो, आणि त्या बाबतीत आपल्या समाजानं काही कमी ठेवलेलं नाही. आपल्याकडे लग्नपत्रिका छापतात. दोन्ही मजल्यांवरच्या पत्रिकांचा साठा आम्ही एकत्र केला. आज आमच्या फौजेतला कुणीही उलटा करून पाहिला तर काहीतरी मंगल वाचायला मिळतं. जरीपटका धरलेल्या स्वाराच्या तळाशी 'चि. सौ. कां.' आहे. टिपूच्या तोफखान्याच्या खाली कन्नडमध्ये मुहूर्ताची वेळ आणि कल्याणमंटपाचा पत्ता. एका रॉकेटवाल्याच्या पायाखाली, तो जळत्या नळीला बत्ती लावत असताना, सोनेरी अक्षरांत 'आपली उपस्थिती हाच आहेर'. नातेवाइकांपैकी कुणी आला की ही त्या पत्रिका लपवायला लावते, म्हणजे पर्यायानं फौज हलवावी लागते.

कागदी फौजेचे शत्रू तीन. पंखा, पावसाळा आणि कसर. पंखा एकवर असेल तर पायदळ तग धरतं; दोनवर घोडदळ निघतं. एकदा लढाई ऐन रंगात असताना घरी पाहुणे आले आणि त्यातल्या एका काकूंनी "किती उकडतंय हो" म्हणत बटण दाबलं. त्या दिवशीचा निकाल आमच्या वहीत 'दैवी प्रकोप' असा नोंदलेला आहे. बरं, म्हैसूरची हवा गार म्हणून निभावतं. हाच छंद सोलापुरात मे महिन्यात करायला छातीच हवी. पावसाळ्यात शिपाई सर्द होऊन मान टाकतात. कसर लागू नये म्हणून डब्यात डांबराच्या गोळ्या टाकतो. भाचा त्यांना दारूगोळा म्हणतो.

भाच्याला सुरुवातीला हे सगळं खालच्या दर्जाचं वाटायचं. त्याचा एक योद्धा हातात घेतला तर वजन लागतं, चिलखतावर खरचटल्याच्या खुणासुद्धा रंगवलेल्या. "मामा, तुमचे लोक शिंकलं तर उडतात." उडतात, मान्य आहे. पण माझं म्हणणं वेगळं होतं आणि त्यासाठी आम्ही लढाई निवडली ती मे १७९१ ची.

या निवडीत माझा स्वार्थ होता. माझं मूळ गाव तासगाव. आमच्या गणपतीच्या देवळापुढे सात मजली गोपुर आहे, चक्क दक्षिणेतल्यासारखं. मराठ्यांचे सरदार परशुरामभाऊ पटवर्धन कर्नाटकात मोहिमांवर यायचे, इकडची देवळं पाहायचे. त्यातलं गोपुर त्यांच्या मनात भरलं ते त्यांनी गावी नेऊन उभं केलं. भाऊ इकडून गोपुर घेऊन गेले, मी तिकडून बदलीचा कागद घेऊन आलो. तेव्हा भाऊंची फौज टेबलावर काढायची तर मीच.

मे १७९१ मध्ये झालं होतं असं. इंग्रजांचा कॉर्नवॉलिस टिपूवर चालून श्रीरंगपट्टणपर्यंत आला, १५ मेला अरिकेरेजवळ लढाई जिंकलाही. जिंकला आणि अडकला. पाऊस लागला, बैल हजारांनी मेले, धान्य संपलं. ओढायला जनावर नाही म्हणून वेढ्याच्या जड तोफा त्याला स्वतःच फोडून टाकाव्या लागल्या आणि उपाशी फौज मागे वळली. त्या वाटेवर, मेलुकोट्याच्या अंगाला, धुरळा उठला. इंग्रजांना वाटलं, टिपूचे स्वार आले, आता संपलंच. ते निघाले हरिपंत फडके आणि परशुरामभाऊ. टिपूच्या लोकांनी निरोप्ये मधल्या मध्ये धरल्यामुळे दोस्त फौज इतकी जवळ आलीय याचा कॉर्नवॉलिसला पत्ताच नव्हता.

आणि हरिपंत-भाऊंनी बरोबर काय आणलं होतं? बाजार.

मला जे सांगायचंय ते इथे आहे. पानिपतापासून आपल्याकडे बुणग्यांच्या नावानं खडे फोडायची पद्धत आहे. बाजारबुणगे फार, म्हणून चाल मंद, म्हणून पराभव. शाळेत आपण हे पाठ केलं. पण मेलुकोट्याला लढवय्यांनी कुणालाही वाचवलं नाही. वाचवलं ते बुणग्यांनी. लमाणांच्या बैलांवर धान्याच्या गोणी होत्या, पालांखाली दुकानं होती, आणि जगातल्या सगळ्यात शिस्तीच्या म्हणवणाऱ्या फौजेनं त्या दुकानांपुढे रांग लावली. भाव अर्थातच गरजू गिऱ्हाईक पाहून लावलेले होते. मराठ्यांच्या या बाजाराचं वर्णन एका इंग्रज इतिहासकारानं केलंय: विलायती बनात, बर्मिंगहॅमचा चाकू, काश्मिरी शाली, हिरे, बैल, मेंढ्या, कोंबड्या आणि कोकणातली सुकी मासळी. मेलुकोट्याला सुकी मासळी! ती तिथवर कुणी वाहून आणली असेल, वाटेत तिच्या पुढेमागे कोण चाललं असेल, याची मला राहून राहून चिंता वाटते.

आता सांगा, धातूचा बुणगा कोण विकतं? दीड-दोन पौंड मोजून कुणी न्हावी घेईल? तलवार उगारलेला हवा, बंदूक रोखलेला हवा, फार तर नगारेवाला. शिशात आणि प्लॅस्टिकात फक्त शूर माणसं परवडतात. कागदात भिस्ती परवडतो, लोहार परवडतो, सराफ, तांबोळी, भडभुंजा, गवत कापणारे, मशालजी, बैलाच्या शेपटीला धरून चाललेलं लमाणाचं पोर, सगळे परवडतात. एका रंगीत तावावर एक आख्खी पेठ येते. मराठ्यांची फौज खरी जशी होती तशी मांडायची असेल तर ती कागदातच मांडता येते, बुणग्यांसकट. मी शंभर स्वार काढले आणि तीनशे बुणगे. सुक्या मासळीची टोपली घेतलेली एक बाईही काढली. ती टेबलावर कुठेही ठेवली तरी आजूबाजूची दोन इंच जागा सगळे मोकळी सोडतात.

मॅनेजरांनी यावर एकच प्रश्न विचारला. कॉफीचा लोटा टेबलावर ठेवून, अगदी हळू आवाजात. "आणि शृंगेरी, सार?"

त्याच वर्षी, १७९१ मध्ये, भाऊंच्या फौजेबरोबरच्या लुटारूंनी शृंगेरीचा मठ लुटला होता. मठाच्या उभारणीसाठी पैसा आणि धान्य पाठवलं ते टिपूनं. त्याची स्वामींना लिहिलेली पत्रं आहेत. तासगावचा माणूस इथे चष्मा काढून पुसतो. मी पुसला. मग आम्ही दोघांनी मिळून नियम केला: पेंढाऱ्यांवर सेनापतीचा हुकूम चालत नाही. दर पाळीला त्यांच्यासाठी फासा टाकायचा, एक पडला तर ते टेबल सोडून शृंगेरीकडे जातात आणि परशुरामभाऊंचे गुण निम्मे होतात. हा नियम मॅनेजरांनी वाचल्याबरोबर मंजूर केला.

दुसरा नियम धारवाडहून आलाय. भाऊंनी १७९० च्या शरदात धारवाडच्या किल्ल्याला वेढा घातला तो पुढच्या एप्रिलपर्यंत चालला. मदतीला मुंबईहून कॅप्टन लिटलची तुकडी होती आणि तिच्यात एडवर्ड मूर नावाचा तरुण लेफ्टनंट, ज्यानं पुढे हिंदू देवदेवतांवर जाडजूड ग्रंथ लिहिला. मूरनं १७९४ मध्ये या मोहिमेची हकीकत छापली. तिच्यात मराठी तोफखान्याचं काम कसं चालतं ते त्यानं फार तळमळून सांगितलंय. तोफ ठासायची. मग सगळ्यांनी खाली बसायचं, धूर काढायचा, अर्धा तास गप्पा. मग तोफ डागायची. समोर भरपूर धूळ उडाली की काम फत्ते. पुन्हा ठासायची, पुन्हा बसायचं. आणि दुपारी एक ते तीन तोफ जवळजवळ बंद, दोन्ही बाजूंची. जेवणाची वेळ. तसा कुठे करार नव्हता; सगळ्यांना आपापलं कळत होतं.

मूर बिचारा वैतागला असेल. मला हा उतारा वाचून पुण्याला गेल्याइतका आनंद झाला. दुकानाची फळी दुपारी खाली ओढायची परंपरा तोफखान्यापर्यंत पोचली होती हे आपल्या इतिहासकारांनी पुरेसं ठळक केलेलं नाही. आमच्या खेळात मराठी तोफ डागली की तोफेच्या बाजूला गुडगुडीचं कागदी चित्र ठेवावं लागतं. ते दोन पाळ्या हलवता येत नाही. मारा झाला का हे फासा सांगत नाही, धूळ उडाली का एवढंच सांगतो. आणि घड्याळात एक वाजला की टिपूची बाजू मराठ्यांच्या बाजूला विचारते, "ऊटा आय्ता?" जेवण झालं का? म्हैसुरात हा प्रश्न दिवसातून केव्हाही विचारतात. वेढ्यातही तो विचारला जात असणार याबद्दल मॅनेजरांच्या आणि माझ्या मनात तिळमात्र शंका नाही. मग खरोखरच शस्त्रसंधी होते, कारण टेबल जेवायला लागतं. फौज ताटांच्या कडेनं उभी राहते. सारात पडलेला एक भालदार आम्ही वाळवून परत कामावर घेतला. त्याचा रंग आता निजामाच्या फौजेशी जुळतो, म्हणून त्याची तिकडे बदली केली.

टिपूकडे रॉकेटं आहेत. लोखंडी नळीची ती रॉकेटं पाहूनच पुढे इंग्रजांना आपली करायची बुद्धी झाली, हे मॅनेजर प्रत्येक लढाईपूर्वी सांगतात. आमची रॉकेटं काडेपेटीच्या काडीवर कापूस गुंडाळून केलेली आहेत. ती कुठे जातील हे फासा ठरवतो. एक फ्रिजखाली गेलंय.

आता बाजार. बाजार चालवायला कुणीतरी तटस्थ माणूस हवा होता. बायकोला लढाईत काडीचा रस नाही. ज्या टेबलावर भाजी चिरायची त्यावर हैदराबादचे मोगल उभे असतात एवढाच तिचा या विषयाशी संबंध. पण मी तिला सांगितलं की नियमाप्रमाणे प्रत्येक पलटणीला दर पाळीला एक गोणी धान्य लागतं, ते नसेल तर पलटण हलत नाही, आणि धान्य फक्त बाजारात मिळतं.

"भाव कोण ठरवणार?" तिनं विचारलं.

"तू."

ती पदर खोचून खुर्चीत बसली.

बाजाराला दुकानदार नव्हता, तो वरच्या मजल्यावरून आला. मॅनेजरांच्या घरी दसऱ्याला बाहुल्या मांडतात. म्हैसुरात घरोघर मांडतात: पायऱ्यापायऱ्यांवर पट्टद गोंबे, म्हणजे राजाराणीची लाकडी जोडी, मग देव, मग सगळा संसार, आणि खालच्या पायरीवर दुकान मांडून बसलेले शेट्टी नवरा-बायको. त्यांच्यापुढे खरोखरचे तांदूळ, डाळ, गूळ, छोट्या छोट्या राशी करून. ती मातीची जोडी मॅनेजरांच्या मंडळींनी उसनी दिली. शेट्टी सहा इंची, कॉर्नवॉलिस सव्वा इंची. भाचा म्हणाला, "मामा, स्केल चुकलं." मॅनेजर म्हणाले, "कर्ज घेणाऱ्याला सावकार एवढाच दिसतो." ते बँकेत होते, त्यांना माहीत.

लढाई ठरल्याप्रमाणे सुरू झाली. भाच्यानं हट्टानं आपले प्लॅस्टिकचे योद्धे इंग्रजांच्या बाजूनं उतरवले होते. एक्केचाळिसाव्या सहस्रकातली माणसं, खांद्यावर डोक्याएवढी चिलखतं, कावेरीच्या काठी. पहिल्या तीन पाळ्यांत त्यांनी अरिकेरे मारलं. चौथ्या पाळीला नियमाप्रमाणे बैल मेले. पाचव्या पाळीला मराठे आले, म्हणजे मी टेबलाच्या टोकाला शंभर स्वार आणि तीनशे बुणगे मांडले, त्याला अर्धा तास लागला आणि भाच्यानं तेवढ्यात दोन चहा घेतले. मग तो मामीपुढे गेला.

"मामी, दहा गोणी तांदूळ."

"पैसे?"

"कॉर्नवॉलिसकडे रोकड नाहीये. नंतर देतो."

"नंतर कोण कुठे असतं?" ती त्याच्या फौजेवरून नजर फिरवत म्हणाली. "तो निळा कितीचा रे?"

"मामी, तो कॅप्टन आहे. साडेतीनशेचा एकटा."

"ठेव इकडे गहाण. चार गोण्या घेऊन जा."

भाचा माझ्याकडे पाहायला लागला. मी नियमांची वही उघडून दाखवली; भाव बाजार ठरवेल असं माझ्याच अक्षरात लिहिलेलं होतं. पुढच्या पाळीला भाव वाढला. कारण विचारलं तर म्हणाली, पाऊस आहे. एक एक करून ती चिलखतं शेट्टीच्या पाठीमागे जाऊन उभी राहिली आणि भाच्याच्या हातात कागदाच्या गोण्या आल्या, त्याही लग्नपत्रिकेच्या. त्यानं शेवटचा प्रयत्न केला. "मामी, अहो ही गोणी झेरॉक्सची आहे. पन्नास पैशांची."

"वेढ्यात आहे ना?"

तो गप्प बसला. सातव्या पाळीला इंग्रजांकडे धान्य भरपूर होतं आणि लढायला माणूस नव्हता. तेवढ्यात टेबलाच्या पलीकडून, श्रीरंगपट्टणच्या तटामागून, मॅनेजर खाकरले.

"मॅडम," ते म्हणाले, "टिपूच्या बाजूनं विचारतोय. गुपचूप. मीठ काय भाव?"

बायकोनं एकदा माझ्याकडे पाहिलं, मग शेट्टीकडे, मग मॅनेजरांच्या दोन रॉकेटवाल्यांकडे.

"ओळखीतल्यांना पाच टक्के कमी," ती म्हणाली. "पण फ्रिजखालचं ते रॉकेट आधी काढून द्यायचं."